एक कमी

भाची यंदा एफ.वाय.ला गेली. परवा तिचा फोन आला, "आत्या, एनसीसीचा फॉर्म आलाय, भरू का?" मी आमटीला फोडणी देत होते. "भर" म्हणाले. मग तिने विचारलं, "तुला काय मिळालं गं त्यातून?" आणि फोडणी करपली.

खरं उत्तर असं, की एक सी सर्टिफिकेट, टाचांना दोन कायमचे घट्टे आणि लष्करी अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीकडून तीनदा रिकाम्या हाताने परत यायचा अनुभव. मी लष्करात अधिकारी झाले नाही, मास्तरीण झाले. तेव्हा पुढचं सगळं आत पोहोचलेल्या माणसाचं नाही, दारापर्यंत जाऊन आलेल्या बाईचं आहे. आत जाणाऱ्याचं लक्ष पुढे असतं. दारात ताटकळलेल्याला चौकट बारकाईने पाहायला वेळ मिळतो, एवढाच काय तो माझा अधिकार.

१. मी देशासाठी एनसीसीत गेले नव्हते, समोशासाठी गेले होते.
परेड संपली की समोसा आणि चहा मिळायचा, आणि आमच्या तालुक्याच्या कॉलेजात फुकट मिळणारी ती एकमेव गोष्ट होती. शिवाय खाकी गणवेश. आयुष्यात पहिल्यांदा कंबरेला पट्टा आवळला, तेव्हा आरशात कुणी वेगळीच मुलगी दिसली आणि ती मला आवडली. बूट मात्र मुलांच्या मापाचे आले होते, त्यात दोन-दोन मोजे घालून पाय बसवावा लागे. आमचे थोरले काका सांगायचे की बासष्टच्या युद्धानंतर, १९६३ पासून, कॉलेजात एनसीसी सक्तीची होती आणि ते परेड चुकवायला पोटदुखीची सोंगं करत. १९६८ मध्ये ती ऐच्छिक झाली. काका ज्यातून पळवाटा शोधायचे, त्याच गोष्टीसाठी मी रांगेत उभी होते. आईला वेगळीच धास्ती, की सही केली आणि उद्या लढाईला बोलावलं तर? एनसीसीच्या सरांनी तिला समजावलं, की १९४८ च्या कायद्यानेच कॅडेटवर तसं कुठलंही बंधन नाही. आईने सही केली, पण पेन उचलताना देवाकडे बघितलं. पुढे कळलं की मोठी कारणं घेऊन आलेल्या बऱ्याच जणी पहिल्या पावसात गळल्या. समोशावाल्या टिकल्या. मोठी कारणं मागाहून येतात, आणि आली तरी समोसा सुटत नाही.

२. पहिली जबाबदारी मिळाली ती मोजण्याची, आणि तीच मला जमली नाही.
दुसऱ्या वर्षी मी सार्जंट झाले, फीत दंडावर चढली. आता आपण हुकूम सोडणार, अशा तोऱ्यात होते. उस्तादांनी, म्हणजे पलटणीतून आमच्या युनिटवर आलेल्या हवालदारांनी, पहिलं काम दिलं ते गिनतीचं. यादीत तेहेतीस नावं. मुली तीन रांगांत उभ्या. मी मोजलं, पुन्हा मोजलं, धावत गेले, कडक सॅल्यूट ठोकला आणि सांगितलं, "श्रीमान, बत्तीस हाजिर, एक गैरहाजिर." "कौन गैरहाजिर?" मला नाव सांगता येईना. परत गेले, परत मोजलं, बत्तीसच. ते शांतपणे म्हणाले, "और तू? तू क्या भूत है?" तेहेतिसावी मीच होते. नदी ओलांडून दहा जण स्वतःला सोडून मोजतात आणि एक बुडाला म्हणून रडतात, ती कीर्तनातली गोष्ट मी लहानपणी ऐकली होती, हसलेही होते. माझ्यावर तीच वेळ सकाळी सात वाजता अख्ख्या पलटणीसमोर आली. पुढे वर्षभर माझं नाव 'भूत' होतं. तेव्हा फक्त लाज वाटली. त्यातली खरी गोम कळायला भोपाळची एसएसबी उजाडावी लागली.

३. शिस्त म्हणजे ओरडणं, हा माझा समज एका पितळी तुकड्याने मोडला.
दहा दिवसांचा वार्षिक कॅम्प होता. पॉइंट टू टू रायफलने फायरिंग. प्रत्येकीला पाच गोळ्या, पालथं पडून, खांद्याला दस्ता घट्ट लावून. फायरिंगचं कौतुक पाच मिनिटांत संपतं. नंतर उरतं ते रिकामे खोके, म्हणजे काडतुसांच्या पुंगळ्या, गोळा करणं. जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढे खोके परत जमा व्हायलाच हवेत, एकसुद्धा कमी चालत नाही. त्या संध्याकाळी एक कमी भरला. करंगळीच्या पेराएवढा पितळी तुकडा, आणि गुडघाभर गवत. आम्ही रांगेने, ढोपरांवर, वीत-वीत जमीन चाचपत निघालो. अंधार पडू लागला. कुणी रडू लागलं, कुणी हळूच म्हणालं, एका खोक्याने काय होतं? शेवटी सगळ्यांत बुटकी पहिल्या वर्षाची मुलगी घाबरत म्हणाली, "उस्ताद, आपके जूते में." त्यांच्या बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या चिखलात खोका रुतून बसला होता. आता हिचं काय होणार, असं वाटलं. त्यांनी खोका काढला, पुसला, डब्यात टाकला, आमच्यासमोर जमिनीवर आडवे झाले आणि वीस दंड मारले. उठून म्हणाले, "गलती मेरी. चलो, खाना." पुढे नेतृत्वावर बरीच पुस्तकं वाचली, त्यातलं फारसं आठवत नाही. संधिप्रकाशात दंड मारणारा तो मध्यमवयीन हवालदार आठवतो. त्याला कुणी शिक्षा सांगितलेली नव्हती.

४. आमच्या गावाला फौज ठाऊक होती, फौजेतले साहेब ठाऊक नव्हते.
मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे अपशिंग्यासारखं गाव आहे, ज्याच्या नावातच 'मिलिटरी' लागतं. भरती म्हणजे काय हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. पहाटे रस्त्यावर धावणं, छाती फुगवणं, जत्रेत जावं तसं ट्रक भरून भरतीला जाणं. पण अधिकारी व्हायला कुठल्या मैदानावर धावायचं? तिसऱ्या वर्षी, नोटीस बोर्डावरच्या पिवळ्या पडलेल्या कागदावरून, मला कळलं की असं मैदानच नसतं. एक वाट यूपीएससीच्या सीडीएस परीक्षेची, ती वर्षातून दोनदा होते. दुसरी एनसीसीवाल्यांची. सी सर्टिफिकेट किमान बी श्रेणीत आणि पदवीला ५० टक्के असले की लेखी परीक्षा माफ, थेट एसएसबी. दोन्ही वाटा मुलींना तेव्हा चेन्नईच्या ओटीए या प्रशिक्षण अकादमीतच नेत, आणि तिथेही मुलींना १९९२ पासूनच प्रवेश. एनसीसीच्या वाटेवर तेव्हा एका कोर्सला मुलांच्या पन्नास जागा असत, तर मुलींच्या चार-पाच. खडकवासल्याला धरणावर आम्ही भजी खायला जायचो. पाण्याच्या काठाशीच एनडीए, पण तिचा अर्ज मुलींना भरताच येत नसे. न्यायालयाने ते दार उघडलं २०२१ मध्ये, आणि मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली २०२५ मध्ये. माझे मामा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मी एसएसबीला जाणार, ही बातमी कळल्यावर बराच वेळ मिशीला हात लावून बसले. मग म्हणाले, "म्हंजी उद्या तू लेफ्टनंट झालीस, तर मी तुला सॅल्यूट ठोकायचा?" मी हसले. ते हसले नाहीत. "ठोकीन की," म्हणाले, "पर बूट आधी मी तपासनार." एसएसबीच्या कुठल्याही प्रश्नाने मला त्यानंतर तेवढं दडपण आलं नाही.

५. पाच दिवसांची तयारी करून गेले आणि पहिल्या दुपारी परत फिरले.
पहिल्या खेपेला जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं सरकार देतं, हे कळल्यावर घरात सगळ्यांचा विरोध मावळला. भोपाळला स्टेशनवर लष्कराची बस घ्यायला आली. छातीवर आकडा बांधला, आणि नाव संपलं. एसएसबी पाच दिवसांची असते, पण पहिला दिवस चाळणीचा. आधी बुद्धिमत्तेची चाचणी. मग पडद्यावर एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग गटाने चर्चा करून सगळ्यांची मिळून एक गोष्ट ठरवायची. चर्चा कसली, सातपाटीचा मासळीबाजार! जी मोठ्याने बोलेल ती तरली, असा सगळ्यांचा हिशेब, आणि माझा आवाज तर परेडवर कमावलेला. मी सर्वांत मोठ्याने बोलले. दुपारी निवडलेल्यांचे आकडे वाचले, त्यात माझा नव्हता. बॅगेत इस्त्रीचे पाच जोड घडीसुद्धा न मोडता पडून होते, आणि आईने दिलेले रव्याचे पंधरा लाडू, दिवसाला तीन या हिशेबाने. भोपाळच्या फलाटावर आम्ही बाद झालेल्या अकरा जणी बसलो होतो. कुणी कुणाशी बोलेना. मी डबा उघडला. अकरा जणींना अकरा लाडू, उरले चार. ते फोडून वाटले, आणि तेव्हा कुठे एकमेकींची नावं विचारली. सकाळी आरडाओरडा करून जी चर्चा जमली नव्हती, ती फलाटावर तासभर छान रंगली. सगळ्यांना बोलायला मिळालं. फक्त तिथे बघणारं कुणी नव्हतं.

६. दुसऱ्या खेपेला मी अधिकारी घडवून नेला होता, स्वतःला घरी ठेवून.
सहा महिने तयारी केली. या वेळी चाळणीतून पार झाले आणि मानसशास्त्राच्या चाचण्यांना बसले. बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं. साठ शब्द, प्रत्येकावर पंधरा सेकंदांत एक वाक्य. साठ प्रसंग, अर्ध्या तासात. हात दुखतो म्हणायलाही फुरसत नसते, आणि ते मुद्दामच असतं. थकलेला माणूस खोटं कमी बोलतो. मी मात्र थकूनही नेटाने खोटं लिहिलं. माझ्या बारा गोष्टींत चार पूर होते, तीन आगी, आणि प्रत्येकीत एक रवी, जो मागचापुढचा विचार न करता उडी घ्यायचा. मला स्वतःला पोहता येत नाही. मग शेवटी स्वतःचं वर्णन: आईवडिलांना तुम्ही कशा वाटता, शिक्षकांना कशा, मैत्रिणींना कशा, आणि स्वतःला कशा. मी लिहिलं, आईच्या मते मी धाडसी आहे. परतल्यावर गंमत म्हणून आईला विचारलं, "तुला मी कशी वाटते?" ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "तू? तू सगळ्यांना वाढून झालं की मग स्वतःचं ताट घेतेस. आणि लगेच रुसतेस." बोर्डाला जे हवं होतं ते बहुधा हेच होतं, कोथिंबिरीच्या काड्यांसकट. मी त्या कागदावर सगळ्यांना मोजलं होतं, एक सोडून. उस्तादांचं भूत भोपाळपर्यंत माझ्यासोबत आलं होतं.

७. जिने आमच्या गटाला पैलतीरी नेलं, ती स्वतः जागची हलली नव्हती.
त्याच खेपेला मैदानावरच्या गटकामात फळी, बल्ली आणि दोर देतात. फळीला तिथे फट्टा म्हणतात. मधली जमीन म्हणजे दरी समजायची, लाल रंगाला स्पर्श झाला की चूक. आम्ही आठ जणी, आणि आठही जणींना कल्पना सुचत होत्या. मी दोन दिल्या, दोन्ही चुकल्या. पहाडातली एक मुलगी होती, इंग्रजी माझ्याहून कच्चं, हिंदीही अडखळत. तिने फळीचं एक टोक पुढे दरीवर सरकवलं आणि स्वतः मागच्या टोकावर मांडी घालून बसली. "मैं बैठी हूँ, तुम लोग जाओ," एवढं एकच वाक्य. तिच्या वजनावर फळी तोलली गेली आणि आम्ही एकेक करून पलीकडे उतरलो. पलीकडे गेल्यावर आम्ही पुढचा अडथळा कसा ओलांडायचा यावर भांडू लागलो. ती मागे तशीच बसून होती. तिला घ्यायला परत जायचं कुणाला सुचलं? मला नाही. सात जणी पोहोचल्या म्हणजे आम्ही पोहोचलो, असंच मी धरून चालले होते. आणि मला तर तीन वर्षं फक्त मोजायलाच शिकवलं होतं! तिला आणायला शेवटी जी मागे फिरली, ती आणि पहाडातली मुलगी, त्या तुकडीतून दोघींचीच निवड झाली. यावरून नियम काढू नये, परीक्षक काय लिहितात ते कुणाला दाखवत नाहीत. पण वर्षभराने चेन्नईहून पहाडातल्या मुलीने पाठवलेला फोटो माझ्याकडे आहे. ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण संपलेलं, आई तिच्या खांद्यावर तारे लावते आहे, आणि आईचा हात पोहोचावा म्हणून ती किंचित गुडघ्यात वाकली आहे.

८. नकार पचवणं सोपं असतं, त्याचं कारण न कळणं पचत नाही.
शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. सगळे परीक्षक एकत्र बसलेले, तुम्ही एकट्या आत जायचं. मला विचारलं, जेवण कसं होतं? मी म्हणाले, छान. तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच. या वेळी मी खरं सांगितलं, की डाळीत मीठ कमी होतं. ते हसले. मला वाटलं, झालं काम. नव्हतं झालं. आकडे वाचतात, ज्यांचा वाचला त्या वैद्यकीय तपासणीसाठी थांबतात, बाकीच्या सामान उचलतात. का नाही, हे कुणी सांगत नाही. मी वर्षभर कारणं शोधली. इंग्रजी? उंची? ते मीठ? मामांना विचारलं तर म्हणाले, "पलटनीत कोन मेलं, कोन वाचलं, त्याचंबी कारन नसतंय. तू तर घरी आलीस." त्यांचं ऐकून मला पहिल्यांदा जाणवलं की जिथे जायचा मी इतका आटापिटा करत होते, तिथे खरोखर काय काय असतं. तीन वर्षांच्या परेडमध्ये, एसएसबीच्या तीन खेपांत, मी मरणाचा विचार एकदाही केला नव्हता. खांद्यावरचे तारे मात्र रोज पाहिले होते. कदाचित परीक्षकांना तेच दिसलं असेल, कदाचित नसेल. वयाची अट पंचविशीची होती. ती उलटली, आणि मी बी.एड.चा अर्ज भरला.

९. मिळालं काय, तर मोजण्याची खोड.
सहलीला निघाले की एसटीच्या पायरीवर उभी राहून मी पोरं मोजते. प्रतापगडाच्या पायथ्याशी मोजते, वर मोजते, उतरल्यावर मोजते. सहकारी शिक्षिका म्हणतात, बाई, बास की आता. लग्नकार्यात पंगत बसली तरी माझा डोळा आपोआप फिरतो, कोण उठलं, कोण अजून जेवायचं राहिलं. वर्गात पटावर बेचाळीस नावं. चाळीस आली की उरलेल्या दोघांची गैरहजेरी मला दुपारपर्यंत छळते. एकदा अशाच छळापायी एका गैरहजर मुलाच्या घरी गेले, तर तो बापासोबत ऊसतोडीला निघायच्या तयारीत होता, ट्रॅक्टर दारात उभा. पुढचं सगळं गोड झालं असं नाही. तो गेलाच. पण मार्चमध्ये परत आला तेव्हा बाकावर त्याची जागा तशीच होती, कारण तिथे मी कुणाला बसू दिलं नव्हतं.

भाचीला यातलं फोनवर काय सांगणार? कामाचं तेवढं सांगितलं. बूट नीट मापाचे माग. पहिल्या वर्षीच सोडू नकोस, कारण बी सर्टिफिकेटला दोन वर्षं लागतात आणि सी ला तीन. पुढे एसएसबीचं बोलावणं आलंच, तर नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात सरकारचा दहा दिवसांचा मोफत वर्ग असतो, तिथे जाऊन ये. आणि लाडू जास्त ने.

काल तिची पहिली परेड झाली. रात्री फोन आला, आवाज बसलेला, पण खुशीत. "आत्या, उस्तादांनी आज सगळ्या नव्या मुलींतून मलाच गिनती करायला उभं केलं."

"मग?"

"दोनदा मोजली गं. एक कमीच भरत होती. कोण पळाली कुणास ठाऊक."

मी काही बोलले नाही. समोसा कसा होता, तेवढं विचारलं.